प्लँक तीन मिनिटं, पुलअप शून्य. आयसोमेट्रिकने ताकद वाढते का नक्की?

भाड्याची_खोली
मंडळी एक शंका आहे. शिफ्ट ड्युटी असल्याने जिम जमत नाही आणि खोली एवढीशी की डंबेल जरा जोरात ठेवला तरी खालच्या आजी वर येतात. म्हणून यूट्यूबवर बघून आयसोमेट्रिक चालू केलं, म्हणजे प्लँक, भिंतीला पाठ टेकून हवेत खुर्ची करतात ते वॉल सिट, सगळं न हलता धरून ठेवायचं. प्लँक आता आरामात तीन मिनिटं होतो, बायको म्हणते फोन बघत करतोस तर व्यायाम कसला. पण परवा ग्राउंडवर सिंगल बारला लटकलो तर एक पुलअप निघेना, हनुवटी सोडा, कोपर पण धड वाकलं नाही. मग ह्याने ताकद येते का नुसता घाम? अजून एक, बाबांना बीपी आहे, गोळी चालू आहे, त्यांना वॉल सिट करायला लावू का? कुणी म्हणतं त्याने बीपी उतरतं, कुणी म्हणतं चढतं.

टांगता_दोर
वहिनींचं बरोबर आहे 😀 तीन मिनिटं टिकतंय म्हणजे तो दमसास झाला. ताकदीसाठी जोर जवळजवळ पूर्ण लागला पाहिजे, इतका की पाच-दहा सेकंदांच्या पुढे धरवूच नये.

घरी करायचं तर न हलणाऱ्या गोष्टीवर जोर लाव. बॅगेचा जाड पट्टा किंवा मजबूत सुती दोर घे, पायाखाली दाबून उभा राहा, गुडघे थोडे वाकलेले, पाठ सरळ, आणि टोकं धरून पोतं उचलल्यासारखं वर ओढ. झटका अजिबात नको, दोन-तीन सेकंदांत जोर चढवत ने मग पाच सेकंद जीव खाऊन ओढ आणि सोड, दीड-दोन मिनिटं थांबून परत, असं चार-पाच वेळा पुरे. हे फोन बघत करून दाखव.

पुलअपचं म्हणशील तर प्लँकमध्ये लॅट्स म्हणजे पाठीच्या बाजूचे मोठे स्नायू आणि दंडांना काम कुठे होतं? स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर ठेवून धर, नंतर कोपर काटकोनात, नंतर हात जवळजवळ सरळ पण खांदे खाली खेचलेले. तिन्ही जागा एवढ्यासाठी की न हलता कमावलेली ताकद मुख्यतः त्याच कोनात आणि त्याच्या आजूबाजूच्या १५-२० अंशांत येते. वेळ कमी असेल तर ताणलेल्या अवस्थेत धर, म्हणजे खालची जागा, तिथली ताकद बाकीच्या कोनांत जास्त उतरते. आणि जोडीला वरून सावकाश खाली येणं, ते सोडू नकोस.

तालमीतला
भिंतींना धक्के देऊन कोण पैलवान झालंय का. जोर मार, बैठका मार, खुराक ठेव. ही सगळी फॅडं.

लोखंडी_माणूस
फॅड तर होतंच एकेकाळी. १९५३ मध्ये जर्मनीत हेटिंगर आणि म्युलर ह्यांनी मांडलं की दिवसातून एकदा सहा सेकंद, कमाल जोराच्या दोन तृतीयांशाने, एवढ्यावर आठवड्याला पाच टक्के ताकद वाढते. नंतर ज्यांनी करून बघितलं त्यांना एवढी वाढ काही मिळाली नाही. मग १९६० च्या आसपास अमेरिकेत यॉर्क बारबेल ह्या व्यायामाची वजनं विकणाऱ्या कंपनीच्या बॉब हॉफमनने हे उचललं, बिल मार्च आणि लुई रीकी ह्या त्याच्या वेटलिफ्टर्सचे आकडे भराभर चढले आणि हॉफमनने आयसोमेट्रिकचे रॅक धडाधड विकले. पुढे कळलं की डॉक्टर झिग्लर त्या पोरांना डायनाबॉल पण देत होते, म्हणजे स्टेरॉइड. झालं, लोक म्हणाले सगळंच थोतांड. माझ्या मते खोटी होती ती जाहिरात, पद्धत आपल्या जागी ठीक आहे, फक्त तेवढ्यावर पैलवान होणार नाही हे खरं.

टांगता_दोर
@तालमीतला दादा, कुस्तीत दोघं एकमेकांची मान दाबून उभे असता, कुणी इंचभर हलत नाही आणि दोघांना धाप लागलेली असते, ते मग काय असतं? मी शाळेत मल्लखांब केलाय, एरंडेल लावलेल्या खांबाला मांडीची पकड धरायची म्हणजे शुद्ध आयसोमेट्रिक. बैठका हव्यातच, त्याला कोण नाही म्हणतंय.

तालमीतला
पकडीचं पटलं. बैठका मारच पण.

फिजिओ_ताई
बाबांच्या बीपीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. दोन्ही म्हणणी खरी आहेत. धरून ठेवलेलं असताना बीपी चढतं, श्वास कोंडला तर फारच, पण काही आठवडे नियमित केल्यावर एरवीचं बीपी उतरतं. २०२३ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये २७० चाचण्या एकत्र करून बघितल्या होत्या, त्यात चालणं-पळणं, वजनं वगैरे सगळ्यांपेक्षा आयसोमेट्रिकने जास्त उतार दिसला, वरचा आकडा सरासरी आठने आणि खालचा चारने. नेहमीची पद्धत म्हणजे दोन मिनिटं धरायचं, मध्ये एक ते चार मिनिटं विश्रांती, असं चारदा, आठवड्यातून तीन दिवस. म्हणजे वर दोरवाल्यांनी सांगितलेला जीव खाऊन ओढायचा प्रकार बाबांना बिलकुल नको. वॉल सिटमध्ये गुडघे कमी वाकवून भिंतीला जरा उंचावरच टेकवा, आकडे मोजत बोलायला लावा म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. बीपी आटोक्यात नसेल किंवा हार्टचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि गोळी मनाने बंद करू नका, हे लोक हमखास करतात.

भाड्याची_खोली
धन्यवाद सगळ्यांना, ताई बाबांना तुमची पोस्ट वाचून दाखवली, गुडघ्याचं ऐकून तयार झाले. दरवाजाच्या चौकटीत बसतो तो बार घेऊ का, की नको?

लोखंडी_माणूस
भाड्याच्या घरात चौकट उखडली तर डिपॉझिट गेलं समज. ग्राउंडवरचा बार फुकट आहे, फक्त सकाळी लवकर जा, आमच्याकडे तरी आठनंतर त्यावर गोधड्या वाळत असतात.