चार दिवसांच्या युद्धविरामाने काय साधतं?

बारवेकाठी (धागाकर्ती):

२१ सप्टेंबर हा जागतिक शांतता दिन. या दिवशी जगभर बंदुका थांबाव्यात असं आवाहन संयुक्त राष्ट्रं २००१ पासून करत आहेत. त्यावर दरवर्षी ऐकू येतं, 'एका दिवसाने काय होणार?' माझं उत्तर नारूपासून सुरू होतं.

माझ्या आजीला नारू, म्हणजे अंगात वाढणारा लांब जंत, झाला होता. मराठवाड्यात पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचे, त्या पाण्यातून तो पोटात जाई आणि वर्षभराने घोट्याजवळ फोड फोडून बाहेर येई. मग ते लांबलचक सूत काडीला गुंडाळत रोज बोटभर ओढायचं. मध्येच तुटलं तर पाय सुजून सुगी हातची जायची. पायऱ्या बंद झाल्या, लोक पाणी फडक्याने गाळू लागले आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

सुदानमध्ये फडकं वाटायलाही गावात शिरता येत नव्हतं. १९८३ पासून उत्तर-दक्षिण युद्ध पेटलेलं. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी दोन्ही बाजूंना दोन महिन्यांच्या युद्धविरामाला राजी केलं, आणि कारण दिलं ते नारूचं. तो लांबत जवळजवळ सहा महिने टिकला. तेवढ्यात दोन लाखांवर गाळण्या वाटल्या गेल्या. युद्ध पुढे २००५ पर्यंत चाललं, हे मान्य. पण त्या वर्षी ज्याच्या हातात गाळणी पडली, त्याचा पाय वाचला. 'युद्ध संपलं का?' हा एकच प्रश्न या गाळणीला का विचारायचा?

तिठा:

ताई, आजीची गोष्ट मनाला भिडली. तरीही मी विरोधात आहे.

ऑलिंपिकचा युद्धविराम घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९३ मध्ये ठराव केला की स्पर्धेआधी सात दिवसांपासून स्पर्धेनंतर सात दिवसांपर्यंत लढाया थांबाव्यात. पहिलीच कसोटी नॉर्वेतल्या लिलेहॅमरच्या हिवाळी ऑलिंपिकची, उद्घाटन १२ फेब्रुवारी १९९४. म्हणजे विराम सुरू होणार ५ फेब्रुवारीला. नेमक्या त्याच दिवशी बोस्नियातल्या, वेढ्यात सापडलेल्या सारायेव्होच्या मारकाले बाजारात तोफगोळा पडला आणि ६८ माणसं मेली. हे सारायेव्हो दहाच वर्षांपूर्वीचं ऑलिंपिक शहर होतं.

पुढचंही बघा. ८ ऑगस्ट २००८ ला बीजिंगमध्ये उद्घाटन आणि जॉर्जियातल्या दक्षिण ओसेशियात रशियन रणगाडे. २०१४ मध्ये सोचीचं ऑलिंपिक संपून पॅरालिंपिक सुरू व्हायच्या आत क्रिमियात रशियन सैन्य. २०२२ मध्येही स्पर्धांमधल्या त्याच मोकळ्या दिवसांत, २४ फेब्रुवारीला, युक्रेनवर हल्ला. ज्याला मोडायचं त्याने मोडलं, ठरावामुळे कुणीही थांबलं नाही. अशा कागदामुळे जगाला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, म्हणून मला तो घातक वाटतो.

बारवेकाठी:

मारकालेची तारीख मला ठाऊक नव्हती. वाचून सुन्न झाले.

पण आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतोय. ऑलिंपिकचा ठराव सगळ्या जगाला उद्देशून असतो, म्हणून कुणा एकावर बंधनकारक होत नाही. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरमध्ये यादवी चालू असताना १९८५ साली जे झालं ते निराळं. युनिसेफचे प्रमुख जेम्स ग्रँट राष्ट्राध्यक्ष दुआर्ते यांना भेटले, बंडखोरांपर्यंत निरोप कॅथलिक चर्चने पोचवला. ठरलेले तीन दिवस गोळीबार बंद, आणि अडीच लाखांच्या आसपास मुलांना लस. पुढची काही वर्षंही असे दिवस पाळले गेले आणि १९९२ मध्ये तह झाला. लसीमुळे तह झाला असं मी म्हणणार नाही. पण एकमेकांना दिलेला शब्द पाळता येतो हे दोन्ही बाजूंनी आधी अनुभवलं होतं.

कृष्णाकाठ:

मी फौजीच्या घरातली. माझा धाकटा दीर २०२० मध्ये पूंछला होता. त्या वर्षी ताबारेषेवर पाच हजारांहून जास्त वेळा शस्त्रसंधी मोडल्याची सरकारी नोंद आहे. आमच्या सासूबाई रात्री फोन उशाशी घेऊन निजायच्या. २५ फेब्रुवारी २०२१ ला दोन्ही सैन्यांनी शस्त्रसंधी पाळण्याचं संयुक्त निवेदन काढलं आणि गोळीबार खरंच थांबला. कुंपणाला लागून असलेल्या शेतांत लोक पुन्हा पेरायला लागले, असं दीर सांगायचा.

एप्रिल २०२५ मध्ये, पहलगामनंतर, ते सगळं मोडलं. म्हणून आधीची चार वर्षं फुकट गेली का? आमच्या घराला विचारा.

तिठा:

वहिनी, तुमच्या घरापुढे माझा युक्तिवाद तोकडा आहे आणि तो तिथे मी लावणारही नाही. तिथे दोन देशांची शिस्तबद्ध सैन्यं होती, वर जाब विचारणारं कुणी होतं.

माझी अडचण २०२३ च्या सुदानची आहे. एप्रिलमध्ये राजधानी खार्तूम पेटली, बहात्तर तासांचे युद्धविराम जाहीर झाले आणि मोडतही राहिले. त्या फटीतून परदेशी नागरिक बाहेर काढले गेले. आपली 'ऑपरेशन कावेरी' त्याच दिवसांतली, पोर्ट सुदानहून जेद्दाला जहाजं आली. आपली माणसं सुखरूप परतली याचा मला आनंदच आहे. पण परदेशी निघून गेल्यावर जगाचं लक्षही गेलं आणि सुदानी माणूस तिथेच राहिला. श्रीलंकेतही नॉर्वेच्या मध्यस्थीने २००२ मध्ये युद्धविराम झाला, तो असतानाच दोन्ही बाजू पुढच्या लढाईची तयारी करत राहिल्या, आणि २००९ चा शेवट किती रक्ताळलेला होता! विरामातला वेळ कुणाच्या कामी येतो, हे विचारल्याशिवाय त्याचं कौतुक करू नका.

लाल डबा:

मी निवृत्त आरोग्यसेविका. पल्स पोलिओच्या बूथवर उमेदीची वर्षं घालवली, म्हणून फक्त कामाचं बोलते.

एक डोस पाजून भागत नाही, काही आठवड्यांनी दुसरी फेरी लागते. लस बर्फाच्या पेटीत न्यायची, रस्ता उघडा हवा, आणि आईला तारीख आधी कळायला हवी. त्यामुळे 'आज दुपारपासून गोळीबार बंद' अशा अचानक घोषणेचा लसीला उपयोग नाही. कोणता भाग, किती तास, कोणत्या तारखा, हे लिहूनच ठरलं पाहिजे.

गाझात २०२४ मध्ये दहा महिन्यांच्या एका बाळाला पोलिओने लुळेपणा आला, पंचवीस वर्षांतला तिथला पहिला रुग्ण. सप्टेंबरमध्ये भागवार, ठरावीक तासांचे विराम ठरले आणि सुमारे साडेपाच लाख मुलांना पहिला डोस मिळाला. युद्ध चालू असताना! बातमीतल्या पोरांच्या बोटावर शाईची खूण दिसली आणि आमचे बूथ आठवले.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या फेरीत उत्तर गाझातलं काम बॉम्बफेकीमुळे पुढे ढकलावं लागलं. नंतर ते झालं तेव्हाही विराम मुख्यतः गाझा शहरापुरता मिळाला आणि जबालिया, बेत लाहिया, बेत हानून इथली हजारो मुलं हाती लागली नाहीत. तिठा, तुमचा राग मला कळतो. पण मला तर त्या मुलांसाठी आणखी तीन दिवस मागावेसे वाटतात.

तिठा:

मागा. त्या मागणीवर माझीही सही धरा. पण मोडणाऱ्याचं नाव त्याच दिवशी जाहीर होईल, हे कलम त्यात घाला.