मदत हवी आहे : ऑक्टेव्हमधल्या आलेखात ३० अंशांचा चेंडू जमिनीखाली जातोय

नमस्कार मंडळी,

अकरावीला फिजिक्स शिकवते. सध्या प्रोजेक्टाइलचा (तिरप्या फेकलेल्या वस्तूच्या गतीचा) धडा चालू आहे. ३० आणि ६० अंशांना चेंडूचा पल्ला सारखाच येतो हे फळ्यावर हाताने काढलेल्या आकृतीवरून मुलांना पटत नाही. म्हणून ऑक्टेव्ह या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये ३०, ४५ आणि ६० अंशांचे आलेख एकावर एक काढून प्रोजेक्टरवर दाखवायचे आहेत. प्रोग्रॅमिंग कधी शिकलेले नाही, त्यामुळे जरा सविस्तर सांगा.

फेकण्याचा वेग (यू) २० मीटर प्रति सेकंद, गुरुत्व त्वरण (जी) ९.८, कोन थीटा. एक्स म्हणजे आडवं अंतर शून्यापासून ४० पर्यंत, अर्ध्या-अर्ध्या मीटरने. वाय म्हणजे उंचीसाठी पुस्तकातलंच सूत्र : एक्स गुणिले टॅन थीटा, वजा जी एक्स वर्ग भागिले दोन यू वर्ग कॉस वर्ग थीटा. आधी एक्सच्या वर्गापाशी एरर यायची. घातचिन्हाच्या आधी टिंब दिलं की रांगेतल्या प्रत्येक किमतीचा वेगवेगळा वर्ग होतो, हे मॅन्युअलमध्ये सापडलं आणि एरर गेली.

पण आलेख चुकतोय. ४५ अंशांना पल्ला साडेछत्तीस मीटरच्या आसपास दिसतो, वहीत मात्र ४०.८ येतो. उंची १०.२ यायला हवी, ती १५ च्या जवळ जाते. ६० अंशांचा चेंडू दोन मीटरही वर चढत नाही. आणि ३० अंशांचा तर सुरुवातीपासूनच जमिनीखाली जातो! ४५ चा आकार दिसायला इतका नीट आहे की आकडे ताडून पाहिले नसते तर तोच वर्गात दाखवला गेला असता, याचीच जास्त काळजी वाटते.

शिवाय तीनदा प्लॉट दिलं तरी शेवटचाच आलेख उरतो.

---

उत्तर :

मॅडम, सूत्र बरोबर आहे, घोळ कोनाचा आहे. ऑक्टेव्हचे साइन, कॉस, टॅन हे कोन अंशांत नाही, रेडियनमध्येच धरतात (१८० अंश म्हणजे पाय, π, इतके रेडियन). ४५ रेडियन म्हणजे सात पूर्ण फेरे आणि वर साधारण ५८ अंश. तुम्हाला दिसतोय तो ५८ अंशांनी फेकलेला चेंडू, म्हणून आकार खरा वाटतो. ३० रेडियनचा टॅन येतो उणे ६.४, मग चेंडू खालीच जाणार.

कोनाला π ने (ऑक्टेव्हमध्ये pi) गुणून १८० ने भागा. नाहीतर टॅन आणि कॉसच्या नावाला शेवटी डी जोडा, ती फंक्शन्स अंशच घेतात. वर्गात दाखवायला मी पहिली रीत घेईन, रूपांतर मुलांना डोळ्यांसमोर दिसतं.

पहिल्या प्लॉटनंतर 'होल्ड ऑन' द्या, आधीचा आलेख पुसला जाणार नाही. एक्स ४२ पर्यंत न्या, ४० ला ४५ चा चेंडू अजून हवेतच असतो. मग 'ॲक्सिस इक्वल' द्या. त्याशिवाय दोन्ही अक्षांचं माप वेगळं राहतं आणि ४५ चा कोन पडद्यावर ४५ चा दिसत नाही. शेवटी वायची मर्यादा शून्य ते १६ ठेवा, म्हणजे जमिनीखालचा भाग कापला जाईल.

---

धागाकर्ती :

मनापासून आभार! ३० आणि ६० च्या रेषा ३५.३ मीटरला एकाच बिंदूत जमिनीला टेकल्या. ६० ची उंचीही १५.३ आली, वहीशी जुळते. आता हेच वर्कशीटवर छापायचं आहे, पण आमच्या झेरॉक्सवर रंग जातात आणि तिन्ही रेषा सारख्याच काळ्या दिसतात. काय करू?

---

उत्तर :

प्लॉटमध्ये एक्स, वायनंतर अवतरणात रेषेचा प्रकार देता येतो. दोन आडव्या रेघा दिल्या की तुटक रेषा, विसर्गासारखी दोन टिंबं दिली की ठिपक्यांची. ३० ला तुटक, ६० ला ठिपके, ४५ ला अखंड ठेवा आणि 'लाइनविड्थ' (रेषेची जाडी) २ करा. 'लेजंड'मध्ये (कोणती रेषा कशाची हे सांगणाऱ्या चौकटीत) तिन्ही कोन ज्या क्रमाने प्लॉट दिले त्याच क्रमाने लिहा.