शब्दचर्चा: ‘निवडक पॉलिमर’ की ‘पारखी पॉलिमर’?

नमस्कार. प्रथिनं वेगळी करून शुद्ध करणाऱ्या सिलेक्टिव्ह पॉलिमरवर, म्हणजे मिश्रणातलं नेमकं हवं ते प्रथिन धरणाऱ्या पदार्थावर, मराठीत लेख लिहितेय. ‘निवडक बहुवारिक’ लिहिलं, पण कानाला खटकतंय. आणि ‘टेम्प्लेट’ला ‘साचा’ चालेल ना?

— ताई, खटकतंय ते योग्यच आहे. ‘निवडक कविता’ म्हणजे कुणीतरी निवडलेल्या कविता. इथे निवड करणारा पॉलिमरच आहे. मी ‘पारखी’ म्हणेन. सराफाची नजर पारखी असते, तसा हा पदार्थ पारखी.

‘साचा’ मात्र इथे अर्थ उलटा करतो. पेणच्या कारखान्यात आधी मूळ मूर्ती घडवतात, तिच्यावरून साचा काढतात. आता प्रयोगशाळेत बघा. अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम हे प्रथिन घेतलं, त्याच्याभोवती ॲक्रिलअमाइड या रसायनापासून पॉलिमरचं जाळं विणलं, मग लायसोझाइम धुऊन काढलं. मागे त्याच्या आकाराची खोबण राहिली, आणि त्याला धरणारे रासायनिक गटही जागच्या जागी. म्हणजे लायसोझाइम ही मूळ मूर्ती, आणि साचा झाला तो पॉलिमर! तेव्हा टेम्प्लेटला ‘मूळ नमुना’ म्हणा आणि या सगळ्या कृतीला, म्हणजे इम्प्रिंटिंगला, ‘ठसा घेणे’. ठसा हा शब्द आपल्याकडे आयता आहे, संस्कृत जोडशब्द बनवायची गरज नाही.

— मूर्तीचंच उदाहरण पुढे नेतो. सोंडेच्या वळणात कडक साचा अडकतो, म्हणून रबराचा घेतात किंवा तुकड्यांत करतात. प्रथिनांचं दुखणं हेच. लायसोझाइम तसं लहान, १२९ अमिनो आम्लांचं, तरी दाट जाळ्यात रुतलं की निघत नाही. जाळं सैल ठेवावं तर खोबणीचा आकार बिघडतो. म्हणून ठसा एखाद्या बारीक मण्याच्या पृष्ठभागावरच घेतात, नाहीतर अख्ख्या प्रथिनाऐवजी त्याच्या एका छोट्या तुकड्याचा. याला ‘पृष्ठठसा’ आणि ‘अंशठसा’ म्हणावं असं सुचवतो.

— खूप आभार, दादा! जेल फिल्ट्रेशनला, म्हणजे सच्छिद्र मण्यांमधून द्रावण सोडून लहान-मोठे रेणू वेगळे करण्याला, ‘चाळणी’ लिहिलं तर?

— नको. चाळणीतून बारीक आधी पडतं, जाड वर राहतं. १९५९ साली स्वीडनमधल्या उप्सालाच्या फार्मासिया कंपनीने यासाठी बाजारात आणलेल्या सेफाडेक्स या जेलच्या मण्यांत याच्या उलट घडतं. लहान रेणू मण्यांच्या छिद्रांत शिरून रेंगाळतात, मोठे बाहेरूनच वाहत पुढे निघतात आणि आधी पोचतात. शिवाय तिथे फक्त आकारमान पाहिलं जातं. तिथे ‘पारखी’सुद्धा वापरू नका.

— मग वाक्य असं केलं: “लायसोझाइमचा ठसा घेतलेला हा पारखी पॉलिमर मिश्रणातलं लायसोझाइम धरून ठेवतो.”

— छान. फक्त ‘आणि द्रावण बदललं की सोडतो’ एवढं जोडा. नुसतं धरून ठेवलं तर शुद्ध प्रथिन हाती येणार कसं?