गॉडफ्लेश: ड्रमर आला म्हणून बँड घसरला, हे म्हणणे कितपत खरे?

धातुनाद

इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या गॉडफ्लेश या बँडचे अल्बम सध्या मी क्रमाने ऐकतो आहे. जस्टिन ब्रॉडरिक (गिटार आणि गायन) व जी. सी. ग्रीन (बेस) या दोघांनी १९८८ मध्ये हा बँड उभा केला, ड्रमर न घेता ड्रम मशीनवर (भरून ठेवलेला ठेका आपोआप वाजवणाऱ्या यंत्रावर) काम भागवले, आणि १९८९ च्या 'स्ट्रीटक्लीनर' या अल्बमनंतर इंडस्ट्रियल मेटलचा, म्हणजे यंत्रांचे कठोर आवाज मिसळलेल्या जड रॉक संगीताचा, विषय त्यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे सरकेनासा झाला. चाहत्यांच्या लिखाणात मात्र एक मत वारंवार आढळते. १९९६ च्या 'साँग्ज ऑफ लव्ह अँड हेट'मध्ये हाडामांसाचा ड्रमर आला तिथे घसरण सुरू झाली, २००१ च्या 'हिम्स'मध्ये बँडने तळ गाठला, आणि पुढे यंत्र परतले तेव्हा बँडलाही सूर पुन्हा सापडला, असे ही मंडळी सांगतात. मला 'साँग्ज ऑफ लव्ह अँड हेट' अतिशय आवडला असल्यामुळे हे मत गळी उतरत नाही. ज्यांनी हा बँड वर्षानुवर्षे ऐकला आहे त्यांनी कृपया सांगावे, की या कारकिर्दीतला खरा फरक यंत्र आणि माणूस यांच्यातलाच आहे, की कारण दुसरेच काही आहे?

मंद्रसप्तक

तुमची शंका रास्त आहे, तरीही यंत्राचे महत्त्व कमी लेखले जाऊ नये म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

ब्रॉडरिक स्वतः ड्रमर होते. गॉडफ्लेशच्या आधी फॉल ऑफ बिकॉज आणि हेड ऑफ डेव्हिड या दोन्ही बँडांत ते ड्रम वाजवत असत, आणि नेपाम डेथ या अतिवेगवान वाजवणाऱ्या बँडच्या १९८७ च्या 'स्कम' या अल्बमच्या पहिल्या बाजूवर त्यांची गिटार आहे. म्हणजे जगातील अतिवेगवान संगीतापैकी काही ज्या खोलीत जन्माला आले त्याच खोलीतून हा माणूस बाहेर पडला आणि त्याने लय निम्म्याहून खाली आणली. ड्रमर मिळत नव्हता म्हणून यंत्र आणले असे समजणे त्यामुळे अपुरे ठरते. अलेसिस कंपनीच्या एचआर-१६ या यंत्राकडून त्यांनी जे करवून घेतले ते कोणत्याही ड्रमरला, अगदी त्यांना स्वतःलाही, जड गेले असते.

कारण असे, की लय अशी संथ झाली की चांगला ड्रमर दोन ठोक्यांमधली मोकळी जागा नकळत भरू लागतो. एखादा ठोका किंचित आधी पडतो, एखादा हलका पडतो, झांजेवर हात जरा रेंगाळतो, आणि ऐकणाऱ्याला त्यातून दिलासा मिळतो. यंत्र हा दिलासा देत नाही. 'स्ट्रीटक्लीनर'वरचे 'पल्प' लक्षपूर्वक ऐकावे. तोच ठेका, तेवढ्याच जोराने, जवळजवळ काहीही न बदलता चालू राहतो. आता काहीतरी वळण येईल अशी कान वाट पाहत राहतात आणि ते येत नाही. वरची गिटार किंचाळते, घसरते, तारेवरून सुटते, म्हणजे माणसाची सगळी तगमग तिच्या वाट्याला आलेली असते आणि खाली ठेका निर्विकार राहतो. ज्यांना हा ताण म्हणजेच गॉडफ्लेश वाटतो त्यांचे म्हणणे मी समजू शकतो, कारण माझ्याही मनात या बँडचे पहिले रूप तेच आहे.

रात्रपाळी

मंद्रसप्तक यांनी यंत्राचे केलेले वर्णन मला मान्य आहे, परंतु त्यावरून घसरणीचा सिद्धान्त सिद्ध होत नाही. त्याला सर्वांत मोठी अडचण १९९९ च्या 'अस अँड देम'ची आहे. हा अल्बम यंत्रावरच बांधलेला आहे, त्यात ड्रम अँड बेस या वेगवान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचे तुकडे जागोजागी आहेत, आणि तरीही पुढे खुद्द ब्रॉडरिक यांनीच त्याच्याविषयी नाराजी व्यक्त केली. यंत्र असले की बँड सुरक्षित, असा नियम असता तर असे झाले नसते.

दुसरी गोष्ट अशी, की या बँडच्या ठेक्यामागे पहिल्यापासून हिप-हॉप आहे. 'स्ट्रीटक्लीनर'वरच्या 'क्राइस्टबेट रायझिंग'चा ठेका एरिक बी आणि राकिम या हिप-हॉप जोडीच्या 'मायक्रोफोन फीन्ड'च्या नकलेतून आला, हे ब्रॉडरिक यांनीच सांगितलेले आहे. १९९१ च्या 'स्लेव्हस्टेट'मध्ये नृत्यसंगीताचे यंत्र उघडपणे शिरले, तर १९९२ च्या 'प्युअर'वर हिप-हॉपचे ठेके इतके पुढे आले की गिटार त्यांच्या भोवती गुंडाळल्यासारखी वाटते. आता हिप-हॉपसारख्या ज्या संगीताचा ठेका मुळात जुन्या गाण्यातल्या एखाद्या ड्रमरच्या हातून निघून, कापला जाऊन, यंत्रात जाऊन आला आहे, तिथे यंत्र आणि माणूस अशी सरळ भिंत घालता येत नाही. 'साँग्ज ऑफ लव्ह अँड हेट'चे ड्रमर ब्रायन मॅंटिया यांना १९९६ मध्ये बोलावले गेले ते याच ठेक्यांचे वजन हाताने पेलण्यासाठी, आणि त्यांनी ते पेलले असे माझे ठाम मत आहे. पुढच्याच वर्षी 'लव्ह अँड हेट इन डब'मध्ये त्याच सामग्रीची पुन्हा तोडफोड करून बँडने ती यंत्राच्या हवाली केली, यावरून त्यांच्या दृष्टीने या दोन गोष्टी एकमेकींच्या शत्रू नव्हत्या हे दिसते.

माझ्या मते या बँडचा कणा ग्रीन यांचा बेस आहे, आणि त्याच्याकडे दुर्लक्ष होते याचे मला खरोखर वाईट वाटते. तो इतका विकृत आणि करकरीत आवाजात वाजतो की अनेक गाण्यांत मुख्य धून तोच चालवतो, आणि गिटारला धून सोडून नुसता आवाज करण्याची मोकळीक मिळते. कोणताही अल्बम घ्या. बेस जिथे पुढे आहे तिथे ठोके कोणी मारले याने फारसे बिघडत नाही.

अनाहत

रात्रपाळी यांच्या बेसविषयीच्या मुद्द्याला जोडून 'हिम्स'विषयी लिहितो, कारण मूळ प्रश्नाची गाठ तिथे आहे.

'हिम्स'वर ड्रम वाजवणारे टेड पार्सन्स हे स्वान्स आणि प्राँग या बँडांतून आलेले, संथ आणि जड लय म्हणजे काय हे जाणणारे वादक आहेत. दोष त्यांचा नाही. तोवर बँडचे आवाज बहुतांशी ब्रॉडरिक स्वतःच घडवत आलेले होते. 'हिम्स' मात्र रीतसर व्यावसायिक स्टुडिओत झाला, आणि तो अनुभव त्यांना मानवला नाही. परिणाम ऐकू येतो. प्रत्येक वाद्य स्वच्छ, आपापल्या जागी, आणि बेसची करकर घासूनपुसून साफ केलेली. या अल्बमच्या पुनर्प्रकाशनात जोडलेली कच्ची ध्वनिमुद्रणे ऐकली की त्याच गाण्यांत केवढा जोर होता हे कळते आणि हळहळ वाटते.

त्यानंतरचे सगळे फार लवकर घडले. ग्रीन बाहेर पडले, त्यांच्या जागी पॉल रेव्हन आले, आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्याच्या तोंडावर ब्रॉडरिक यांची मनःस्थिती इतकी ढासळली की त्यांनी दौरा सोडला आणि बँडही थांबवला. 'हिम्स'वरच्या शेवटच्या गाण्याचे नाव 'जेसू' आहे, आणि त्यांचा पुढचा प्रकल्प त्याच नावाने उभा राहिला. त्यात जडपणा तसाच राहिला, परंतु त्यावर मोकळी, जवळजवळ कोमल म्हणावी अशी सुरावट आली. ब्रॉडरिक यांना त्या काळात हेच संगीत करायचे होते, हे मान्य केले की 'हिम्स'मधली ओढाताणही समजते.

२०१० मध्ये फ्रान्समधील हेलफेस्ट या संगीत महोत्सवात बँड परतला तेव्हा यंत्र परतले हे खरे, पण त्याचबरोबर ग्रीन परतले, आणि पुढचे अल्बम ब्रॉडरिक यांच्या स्वतःच्या ॲव्हलाँच या लेबलवरून निघाले, म्हणजे आवाजाचा ताबाही परतला. २०१४ चा 'अ वर्ल्ड लिट ओन्ली बाय फायर' इतका आटीव का झाला, याचे उत्तर मी या तीन गोष्टी मिळून शोधतो. एकट्या यंत्राला श्रेय देणे ग्रीन यांच्यावर अन्याय करणारे आहे.

धातुनाद

सर्वांचे मनापासून आभार. 'अस अँड देम' यंत्रावरचा आहे ही बाब माझ्या ध्यानातच आली नव्हती, आणि तिने तो सिद्धान्त चांगलाच डळमळीत होतो. 'हिम्स'ची कच्ची मुद्रणे मिळवून ऐकेन. २०१७ चा 'पोस्ट सेल्फ' आणि २०२३ चा 'पर्ज' अजून ऐकायचे आहेत. त्यांपैकी आधी कोणता घ्यावा?

रात्रपाळी

'पर्ज' आधी घ्यावा, आणि तोही 'प्युअर' ताजा असताना. दोन्हींमध्ये एकतीस वर्षांचे अंतर आहे, परंतु 'पर्ज'मध्ये ते जाणूनबुजून 'प्युअर'च्या हिप-हॉप ठेक्यांकडे वळले आहेत, त्यामुळे ते अल्बम लागोपाठ ऐकताना बेस आणि ठेका एकमेकांत कसे अडकवले आहेत हे स्वच्छ कळते. पहिल्या ऐकण्यात गिटारकडे शक्यतो लक्ष देऊ नये. 'पोस्ट सेल्फ'चा स्वभाव वेगळा आहे. त्यात मेटलपेक्षा जुन्या पोस्ट-पंकची (पंक रॉकमागून आलेल्या रॉक शैलीची) थंड, पोकळ छाया जास्त आहे, आणि त्यासाठी वेगळा दिवस राखून ठेवलेला बरा.