जुन्या फॉन्टमधली पुस्तकांची यादी द्रुपलमध्ये : पार्सरमध्ये रफार आणि वेलांटी चुकतेय

ग्रंथपाल_ताई
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाची साधारण नऊ हजार पुस्तकांची यादी द्रुपलवर (वेबसाइट बनवायची प्रणाली) आणतेय. सगळी जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. फीड्स (द्रुपलमध्ये बाहेरची माहिती आणणारं मॉड्यूल) मधल्या तयार सीएसव्ही पार्सरने, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल वाचणाऱ्या कोडने, इंग्रजी अक्षरांचा नुसता काला आला, म्हणून स्वतः पार्सर लिहिला. बरंच जमलं, पण ‘स्थिती’चं ‘स्िथती’ होतंय आणि ‘मूर्ती’तला रफार ‘ती’च्या पुढे लोंबकळतोय. दाखल क्रमांकाचा रकाना तर रिकामाच येतो. आधीच्या ग्रंथपाल बाईंनी ही यादी एकटीने टाइप केली होती. एकही नोंद हरवायला नको.

अर्धचंद्र
दाखल क्रमांक पहिला रकाना आहे ना? मग फाइलच्या सुरुवातीला बीओएम या अदृश्य खुणेचे 3 बाइट असणार. एक्सेलमधून यूटीएफ-8 सीएसव्ही काढली की येतात. रकान्याचं नाव दिसायला तेच, पण जुळत नाही. वाचतानाच कापून टाका.

जुना_टंकलेखक
ताई, जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. तुम्ही ती एकच अक्षर ओलांडून ठेवताय. अर्धा स् आणि थ असं अख्खं जोडाक्षर ओलांडायला हवं. रफार उलटा: तो मात्रेच्याही नंतर येतो, म्हणून ‘ती’ची वेलांटी आणि त, दोन्ही ओलांडून मागे न्या. आणि अक्षरं बदलताना लांब जोड्या आधी घ्या, नाहीतर ‘क्ष’चे तुकडे पडतील.

‘कुऱ्हाड’ही तपासा. तो ‘ऱ्’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र्’पुढे झेडडब्ल्यूजे हे अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना फरक दिसत नाही, शोधात मात्र पुस्तक सापडत नाही. सगळीकडे पहिलीच पद्धत ठेवा.

अर्धचंद्र
मॅपिंगमध्ये (कुठला रकाना कुठे जाणार ते ठरवतो तिथे) दाखल क्रमांक युनिक करा आणि जुन्या नोंदी अपडेट करण्याचा पर्याय निवडा. नाहीतर पुन्हा इम्पोर्ट केल्यावर नऊ हजारांचे अठरा हजार होतील.

ग्रंथपाल_ताई
झालं! इंग्रजी पुस्तकांच्या नावांवरही फॉन्टची अक्षरं बदलायचा तक्ता चालत होता, म्हणून भाषेचा रकाना बघून त्या ओळी वगळल्या. दाखल क्रमांक 1 उघडला. बाईंचा शेरा होता, ‘मलपृष्ठ फाटके, शिवून घेतले’. अक्षर न् अक्षर नीट आलंय. आज संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन दाखवणार आहे.