डोंगराची मुळं ओळंब्याने कळतात का?

कातळवेडा, मुलुंड:
सोसायटीत प्लास्टर चाललंय. गवंड्याचा ओळंबा बघून १८५५ सालची गोष्ट आठवली. उत्तरेतलं कलियाना आणि माळव्यातलं कल्याणपूर यांच्या अक्षांशांतला फरक जमीन मोजून एक येई, ओळंबा धरून ताऱ्यांवरून दुसरा. तफावत सुमारे ५ विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). कलकत्त्याचा पाद्री आणि गणिती प्रॅट याने हिशोब मांडला: हिमालय ओळंबा ओढतो म्हणावं, तर तफावत १५ विकलांच्या पुढे हवी! एवढा डोंगर, मग ओढ इतकी कमी कशी? ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एअरी म्हणाला, डोंगराखाली हलक्या खडकाचं मूळ खोल गेलंय. भाऊच्या धक्क्यावर भरलेली लाँच जास्त बुडते, तसंच. डोंगर कशाच्या जोरावर उभा आहे, हे गुरुत्वाइतकं चोख कोणी सांगत नाही.

पार्ल्याचा शंकासुर:
चोख? अहो, प्रॅटने पुढे वेगळंच मांडलं: मूळबीळ नाही, उंच डोंगराखालचा खडकच फुगून हलका झालाय. मोजमाप एक, गोष्टी दोन. काट्यावर पिशवी ठेवली की वजन कळतं, आत कांदे आहेत की बटाटे ते नाही. तिबेटखालचं पृथ्वीचं ७० किमीच्या आसपास जाड कवच दाखवलं ते भूकंपलहरींनी.

कातळवेडा, मुलुंड:
आणि लहरींनी कौल कोणाला दिला? एअरीलाच ना!

पार्ल्याचा शंकासुर:
तिबेटात. महासागरांच्या मधोमध ज्या पर्वतरांगा आहेत, तिथे प्रॅटचं खरं ठरतं. खडक गरम, म्हणून हलका. दोघांनाही अर्धे मार्क.

ठाकुर्लीची ताई:
हिमालयावरून खाली उतरा हो जरा. आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावर गुरुत्व जास्त भरतं, घाटावर कमी. किनाऱ्याखाली लाव्हाचा जड ऐवज गोठून बसलाय, असा अर्थ लावतात. सह्याद्री भूखंडांच्या टकरीतून वर आलेला नाहीच, माळशेजला लाव्हाचे थर एकावर एक रचलेले दिसतात. आणि श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्राची पातळी हिशोबापेक्षा १०० मीटरने खाली आहे, त्याचं काय? वर ना डोंगर, ना दरी. कारण कवचाच्याही खाली, प्रावरणात. तिथे तुमची लाँच चालायची नाही.

पार्ल्याचा शंकासुर:
ताई, 'असा अर्थ लावतात' हेच तर माझं दुखणं! पनवेलजवळ लाव्हाचे थर समुद्राकडे कललेत, ते डोळ्यांना दिसतं. तो पुरावा मला पटतो.

कातळवेडा, मुलुंड:
मग रविवारी पनवेल? कल मोजायला ओळंबा मी आणतो.