शेजारचा टॉवर आणि आपली गल्ली

(पुण्यातल्या एका सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ. नावांच्या जागी फ्लॅटचे नंबर ठेवलेत.)

बी-३: सर्वांना नमस्कार. कोपऱ्यावरच्या जुन्या बंगल्याच्या पत्र्यावर आज बोर्ड लागलाय. पार्किंगचे तीन मजले, वर एकोणीस. म्हणजे बावीस. आणि दुसरं गेट आपल्या गल्लीत! फोटो टाकलाय. आता तरी जागे व्हा.

ए-७: फोटो उघडत नाहीये.

सी-५ आजी: कोणाचं गेट गल्लीत आपलं का

बी-३: आपलं नाही आजी, त्यांचं.

ए-९: दीडशे गाड्या तरी येतील. आत्ता समोरून एक रिक्षा आली तर मला रिव्हर्स घेत ट्रान्सफॉर्मरपर्यंत जावं लागतं.

बी-३: म्हणूनच पत्र तयार केलंय. वाचा.
"मा. नगरसेवक, सविनय सादर. आमच्या गल्लीचा रस्ता अरुंद असून पाणीपुरवठा अपुरा आहे. अशा ठिकाणी बावीस मजली इमारत झाल्यास रहिवाशांचे जगणे मुश्कील होईल. तरी येत्या सर्वसाधारण सभेत सदर इमारतीची मंजुरी फेटाळावी, ही नम्र विनंती."
रात्री आठपर्यंत वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवतोय. प्रत्येक फ्लॅटची सही पाहिजे.

ए-७: सही नक्की. फोटो अजून उघडत नाहीये.

बी-११: पत्र चांगलं आहे. शेवटची ओळ मात्र खोडा. महापालिकेचं सभागृह इमारती मंजूर करत नाही, मग फेटाळणार काय?

बी-३: काका, मग १६५ नगरसेवक निवडून कशाला दिले? मार्च २०२२ पासून प्रशासक होता तेव्हा आपणच बोंबलत होतो की ऐकायला कोणी नाही. मग २०२६ च्या जानेवारीत निवडणूक झाली, माणसं आली, तर तुम्ही म्हणता त्यांच्या हातात नाही!

बी-११: त्यांच्या हातात आहे, पण तुम्ही म्हणता ते नाही. मी बांधकाम खात्यात सत्तावीस वर्षं काढली, म्हणून जरा लांबण लावतो, राग मानू नका.
नकाशा मंजूर करायचा अधिकार आयुक्तांचा, म्हणजे व्यवहारात बांधकाम विभागाचा. १९६६ चा एमआरटीपी, म्हणजे नगररचनेचा कायदा, आणि २०२० च्या डिसेंबरात आलेली बांधकामाची एकत्रीकृत नियमावली, लोक जिला यूडीसीपीआर म्हणतात, त्यात बसलं की मंजुरी. साठ दिवसांत उत्तर दिलं नाही तर प्रस्ताव नियमात असल्यास मंजूर धरला जातो. 'शेजाऱ्यांना आवडत नाही' असा रकानाच त्या फाइलमध्ये नाही.
त्यांच्या प्लॉटला पुढून मोठा रस्ता आहे, अठरा मीटरचा. एफएसआय म्हणजे जागेच्या किती पट बांधता येतं ते. त्या रस्त्यावर मूळ १.१०, पैसे भरून मिळणारा प्रीमियमचा ०.५०, आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क, ०.९०, असा अडीच. वर निवासी बांधकामाला साठ टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र, म्हणजे जिने-बाल्कन्यांसारख्यांसाठी जादा. चाळीस गुंठे जागा असेल तर सोळा हजार चौरस मीटरच्या आसपास झालं. पर्यावरण मंजुरीच्या हिशोबात पार्किंगचे मजलेही धरतात, सगळं मिळून वीस हजाराच्या वर गेलं तर तीही घ्यावी लागेल. अशी फाइल टेबलावर आली असती तर मीसुद्धा सही केली असती.

ए-९: काका, हे असं ग्रुपवर नका लिहू.

बी-११: निवृत्त झालोय रे.

सी-५ आजी: गच्चीवर ऊन राहील का मी मार्चमध्ये कुरडया घालते

बी-११: आजी, बाजूला सोडायची जागा उंचीच्या एक पंचमांश धरतात, पण बारा मीटरच्या पुढे ती वाढत नाही. सत्तर मीटरचा मनोरा असो नाहीतर शंभरचा, आपल्या भिंतीपासून बाराच मीटर. आणि तो आपल्या पश्चिमेला येतोय. दुपारी दोननंतर सावली धरा.

सी-५ आजी: म्हणजे सकाळी लवकर घालायच्या

बी-९: आणि सोलर बंबांचं काय? गेल्याच वर्षी बसवलेत. हप्ते चालू आहेत अजून.

ए-१२ (टोरांटो): इथे रात्र आहे पण वाचतोय. आमच्याकडे उलटं आहे. झोनिंग बदलायचं असेल तर नगर परिषदेत मतदान होतं. लोक सभेत येऊन 'आमच्या गल्लीचं रूप बिघडेल' म्हणून दोन-दोन तास बोलतात, नगरसेवक लोकांच्या बाजूनं विरोधात मत देतात, टाळ्या पडतात. मग बिल्डर प्रांताच्या न्यायाधिकरणात अपिलात जातो आणि बऱ्याचदा परवानगी घेऊन परत येतो. २०२३ मध्ये शहरभर एका प्लॉटवर चार घरं बांधायला मुभा दिली, त्यावरही केवढा गहजब. चार घरं! बावीस मजले नव्हेत.

बी-३: निदान बोलायला तरी मिळतं ना तिथे. आपल्याकडे पत्र्यावर बोर्ड लागतो तेव्हा कळतं.

बी-११: हे मात्र तुमचं सोळा आणे खरं. कळेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं.
आपल्याकडे भांडायची जागा इमारतीच्या आधी येते, रस्त्याच्या वेळी. टॉवर सभागृहात कधी येत नाही, रस्ता येतो. २०२० च्या लॉकडाउनात स्थायी समितीत सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करायचा विषय आला होता, आठवतो का? महापालिका कायद्याचं कलम २१०, रस्त्याची रेषा नव्याने आखायचं. आयुक्तांनी प्रस्ताव ठेवायचा, स्थायी समितीने संमती द्यायची. केवढा धुरळा उडाला होता! हेच रस्ते का, कोणासाठी निवडले, करायचेत तर शहरातले सगळेच सहा मीटरचे करा. लोक मास्क लावून भांडत होते.

ए-९: रस्ता रुंद करायला विरोध कशाला? उलट चांगलंच ना.

बी-११: कारण तो वाहनांसाठी नव्हता बाळा. २०१६ च्या टीडीआर धोरणाने नऊ मीटरपेक्षा लहान रस्त्यावर टीडीआर वापरायला बंदी घातली. तेव्हापासून सहा मीटरच्या गल्लीतल्या जुन्या सोसायट्या अडकल्या. बिल्डर यायचा, टेप लावायचा, चहा पिऊन जायचा. रेषा नऊची झाली की कुलूप उघडतं.
आणि रेषा आखली म्हणजे रस्ता रुंद झाला असं नव्हे. जो पाडून बांधेल तो दीड मीटर मागे सरकेल. बाकीचे आहेत तिथेच. पंधरा-वीस वर्षं रस्ता दात पडलेल्या तोंडासारखा राहतो. इथे आत, तिथे बाहेर. मधल्या खोबणीत पाणीपुरीची गाडी.

सी-८ (भाडेकरू): मी मतदान नाही करू शकत सोसायटीत, पण विचारतो. आपली गल्ली त्या ३२३ मध्ये होती का?

बी-११: नव्हती.

सेक्रेटरी (ए-२): सगळ्यांचं वाचतेय केव्हाची. आता मला बोलायलाच लागेल. गेल्या महिन्याच्या विशेष सभेचा ठराव क्रमांक ४ काढून बघा. "सोसायटीसमोरील सहा मीटर रस्ता नऊ मीटर करण्यासाठी मा. नगरसेवकांमार्फत पाठपुरावा करावा." एकमताने मंजूर. सूचक बी-३.

ए-७: अरे बापरे.

बी-३: ताई, तो विषय वेगळा आहे. तो आपल्या पुनर्विकासाचा.

सेक्रेटरी (ए-२): तेच तर. पत्र दोन, नगरसेवक एक, आणि दोन्हीवर सही माझी. एकात मी लिहिणार गल्ली इतकी अरुंद की आणखी माणसं मावणार नाहीत. दुसऱ्यात लिहिणार गल्ली रुंद करा म्हणजे आम्हाला आणखी माणसं आणता येतील. तो माणूस हसेल की रडेल?

बी-३: आपण बावीस मजले थोडेच करतोय.

बी-११: करता येत नाहीत म्हणून. आपल्या भागात चोवीस मीटरच्या वर जायचं तर समोर बारा मीटरचा रस्ता लागतो. नऊवर पार्किंग आणि सात. गेल्या महिन्यातला तो सल्लागार काय म्हणाला, "बारा करून घेता आलं तर बघा ना", तेव्हा सगळ्यात जोरात मान कोणाची हलली होती ते सांगत नाही.

बी-९: माझी पण हलली होती. खोटं कशाला बोलू. चारशे साठ चौरस फुटांत दोन मुलं, सासूबाई आणि वर्क फ्रॉम होम. लिफ्ट नाही. सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाच महिने खाली उतरलेल्या नाहीत.

ए-९: आपला हिशोब एकदा कोणीतरी सोप्या भाषेत मांडा. सभेत मला काही झेपलं नव्हतं.

बी-११: जागा चोवीस गुंठे, साधारण २४०० चौरस मीटर धर. छत्तीस फ्लॅटमध्ये आजच एक एफएसआय जवळजवळ संपलाय. रस्ता नऊच्या आत राहिला तर मूळ १.१०, म्हणजे २६४०. जुन्या इमारतींना थोडं प्रोत्साहन मिळतं, पण तेवढ्यावर आपल्याला मोठी घरं देऊन बिल्डरला विकायला काय उरणार? रस्ता नऊचा झाला की दोनपर्यंत जातो, ४८००. पूरक क्षेत्र दोन्हीकडे वेगळं. आपल्या साठ मीटर हद्दीतून दीड मीटर पट्टी जाईल, नव्वद चौरस मीटर. त्याचा मोबदला एफएसआय किंवा टीडीआरमध्ये मिळतो. पट्टीत पारिजातक आणि सायकल स्टँड जाईल.

सी-५ आजी: पारिजातक नको

सी-८ (भाडेकरू): आणि आमच्यासारखे?

बी-११: तुमच्यासाठी या गणितात ओळ नाही. वाईट वाटतं लिहायला.

बी-३: ठीक आहे. म्हणजे मी ढोंगी. बावीस मजल्यांकडे बघत गप्प बसायचं, एवढंच ना? धन्यवाद.

*बी-३ यांनी ग्रुप सोडला.*

ए-७: फोटो आत्ता उघडला. बाप रे, केवढं आहे हे!

सेक्रेटरी (ए-२): काका, तुम्ही पण ना.

बी-११: मी ढोंगी म्हटलंच नाही. पाणी आणि गेट हे त्याचे दोन मुद्दे पक्के आहेत, पण त्याने ते 'मंजुरी फेटाळा'च्या खाली पुरून टाकले. नवीन इमारतीला पाणी पुरलं नाही तर टँकरने देऊ, असं हमीपत्र बिल्डर देतो. फ्लॅट विकून तो गेला की हमीपत्र फाइलमध्ये आणि टँकर गल्लीत. खडकवासला साखळीतली चारही धरणं भरली तरी साठा २९ टीएमसी, शहर वाढलं म्हणून धरण फुगत नाही. २०१६-१७ च्या सुमारास बाणेर-बालेवाडीत उच्च न्यायालयाने याच पाण्यावरून नव्या बांधकामांना लगाम घातला होता.  नगरसेवकालाही करण्यासारखं पुष्कळ आहे, फक्त ते हात वर करून होत नाही.

सेक्रेटरी (ए-२): मग नेमकं काय मागायचं? मला लिहायचंय.

बी-११: एक, गल्लीतलं गेट बंद. पुढून अठरा मीटरचा रस्ता असताना सहा मीटरच्या गल्लीत गाड्या सोडायचं कारण नाही, वाहतूक विभागाचा अभिप्राय मागवा. दोन, भोगवटा पत्र, म्हणजे राहायला यायची परवानगी, देताना पाण्याची जोडणी खरोखर आहे का ते तपासा. तीन, त्या बंगल्याच्या आवारातला पर्जन्यवृक्ष. तोडायच्या आधी झाडावर नोटीस ठोकतात, हरकतीला दिवस मोजकेच असतात, आणि ती खालच्या बाजूला ठोकतात म्हणजे गाडीमागे झाकली जाते. कोणीतरी रोज फिरायला जाताना बघायचं. आणि हो, दोन्ही मागण्या एकाच पत्रात घाला. नऊ मीटर आम्हालाही हवेत, असं उघड लिहा. लपवलंत तर महापालिकेतले लोक आपल्यापेक्षा हुशार आहेत.

बी-९: झाडाचं मी बघते. सकाळी दूध आणायला तिथूनच जाते.

सी-८ (भाडेकरू): एक सांगू? मी आणि ए-९ टेप घेऊन आत्ता खाली जाऊन आलो. गेटसमोर भिंतीपासून भिंतीपर्यंत ५.७. ट्रान्सफॉर्मरपाशी ४.९. सहा मीटर कुठेच नाही.

ए-९: समोरच्या बंगल्याची पायरी रस्त्यात आहे. आणि आपलं सायकल स्टँड पण. चाळीस सेंटिमीटर.

ए-१२ (टोरांटो): आपलं???

बी-११: १९९१ मध्ये भिंत पडली होती, परत बांधताना जरा पुढे घेतली. मी तेव्हा कमिटीवर होतो. मोजलंत ते बरं केलंत. फोटो मात्र ग्रुपवर टाकू नका.

सेक्रेटरी (ए-२): काका!! 🙏

*सेक्रेटरी (ए-२) यांनी बी-३ यांना ग्रुपमध्ये घेतले.*

सेक्रेटरी (ए-२): बी-३, तुम्ही खजिनदार आहात, असं सोडून जाता येत नाही. पंपाचं बिल उद्या शेवटची तारीख. पत्र नव्याने लिहितेय, संध्याकाळी सहाला चहाला या, काका पण येतायत.

बी-३: येतो. पण गेटचा मुद्दा पहिला हवा. आणि मी ठरावाचा सूचक होतो हे त्यात लिहायचं नाही.

सी-५ आजी: पारिजातकाचं पण लिहा

ए-७: ट्रान्सफॉर्मरपाशी पांढरी गाडी कोणाची आहे? टँकर अडकलाय, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. कृपया लगेच काढा.

ए-७: अहो पांढरी गाडी!

बी-११: माझी आहे. आलो.